नीलहरित शैवाल : गुण आणि सावधानता



शाकाहारी कुटुंबांत 'स्पिरुलिना'च्या गोळ्या आता परिचित झाल्या आहेत. नाव शैवालाचे असले, तरी शास्त्रदृष्ट्या हे सूर्यप्रकाशावर अन्न निर्माण करणारे जीवाणू होत. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठी ते गाळून, वाळवून खाण्याची जुनी प्रथा आहे. वाळलेल्या स्पिरुलिनात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात, हा गुण निर्विवाद होय. मात्र अर्ध्या ग्रॅमच्या दहा गोळ्यांतून मिळणारी तीन ग्रॅम प्रथिने पंधरा ग्रॅम तूरडाळही देते.

खरा धोका भ्रमाचा आहे. यातून 'बी-१२' जीवनसत्त्व मिळते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश द्रव्य मानवी शरीरास निरुपयोगी असे छद्म बी-१२ असते. उणीव तशीच राहिल्यास रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, मज्जातंतूंची हानी कायमचीही होऊ शकते. दूध-दही हा शाकाहारातील खरा स्रोत आहे. तो अपुरा पडल्यास रक्ततपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने बी-१२ घ्यावे. औषधातील हे जीवनसत्त्व जीवाणूंच्या किण्वनातूनच तयार होते.

दुसरा धोका विषाचा. खुल्या जलाशयातून गोळा केलेल्या शैवालात यकृतघातक मायक्रोसिस्टिन मिसळलेले असू शकते. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये असे दूषित पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. म्हणून नियंत्रित टाक्यांत वाढविलेले व तपासलेलेच शैवाल घ्यावे.

आहारातही विवेक हाच खरा रक्षक होय.