सातेरीच्या पेटीची जागा

महाबळेश्वराभोंवतालच्या डोंगराळ खेड्यांत सातेरी जातीच्या माश्या पेटींत पाळण्याचा धंदा पुष्कळ वर्षांपासून चालत आला आहे. तेथील मांघर हें गांव २०२२ सालीं देशांतील पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. त्या रानांत जांभूळ व हिरडा फुलतात, आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें कारवीनें डोंगरच्या डोंगर निळेजांभळे होतात. परंतु केवळ फुलें पाहून पेटी आणणाऱ्या नव्या मधपाळाची पेटी पुष्कळदां पहिल्याच पावसाळ्यांत ओस पडते. सातेरी मोठी मानी! जागा मानवली नाहीं, तर ती अंडीं-पिल्लांसकट सारा संसार टाकून एखाद्या दुपारीं निघून जाते. मग माशीला बोल लागतो. जागा कोणी निवडली, हें कोणी विचारीत नाहीं.

पेटीचें तोंड पूर्वेकडे असावें. कोवळें ऊन दारावर आलें म्हणजे कामकरी माश्या लवकर बाहेर पडतात. दुपारीं मात्र वर झाडाची सावली पाहिजे. फार तापलेल्या पेटींत पोळीं मऊ होऊन ढासळतात. त्या मुलुखांत पावसाळी वारा पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून त्या अंगास बांध अगर दाट झुडुपें असलेली, पाणी न साचणारी जागा शोधावी. पेटी तोंडाकडे किंचित् उतरती ठेवावी, म्हणजे आंत शिरलेलें पाणी दारावाटे निघून जातें. पिण्याचें पाणी जवळ असावें. गोठा, चुलीचा धूर आणि रात्रीचा दिवा दूर असावा.

मुंग्यांचा बंदोबस्त सोपा आहे. तिवईचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवावे व भोंवतालचें गवत कापावें. एक वाळकी काडी पेटीला टेकली, तरी मुंग्यांना तो पूल पुरतो. कोणी कीटकनाशक भुकटी टाकतात, पण तिनें मुंग्यांबरोबर माश्याही मरतात. गांधीलमाश्या दाराशीं घिरट्या घालूं लागल्या, तर दार अरुंद करावें.

खरा वैरी मेणकिडा. त्याचा पतंग रात्रीं फटींत अंडीं घालतो. अळ्या पोळ्यांत बोगदे पाडून जाळीं विणतात. भरलेली वसाहत त्यांना हुसकून लावते. परंतु जून ते सप्टेंबर पुरेसा फुलोरा नसतो, माश्यांची संख्या घटते आणि पोळीं उघडीं पडतात. तेव्हांच किडा शिरतो. म्हणून माश्या झाकूं शकत नाहींत अशीं जुनीं, काळीं पोळीं पावसापूर्वींच काढून वितळवावीं, फटी बुजवाव्या, तळफळीवरील मेणाचा चुरा दर आठवड्यास खरवडून पेटीपासून दूर पुरावा. साखरेचा पाक सूर्यास्तानंतर द्यावा व सांडूं देऊं नये. दिवसां त्याचा वास सुटला, तर शेजारच्या वसाहतींतील माश्या लुटीला येतात. नवी पेटी आणावयाची ती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरांत. म्हणजे पुढचा पाऊस येईतों वसाहत भरण्यास सात-आठ महिने मिळतात.