मधल्या केसांचा काळ

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर मातृभाषा, शिक्षण, संस्कार असे विषय शोभून दिसतात. मी मात्र आपणांपुढे पुरुषांच्या केसांविषयी बोलणार आहे. त्यातही, मुंडण केलेल्या डोक्यावरचे केस खांद्यापर्यंत वाढेतो जो काळ जातो, त्याविषयी. हा विषय माझ्याकडे दोन वाटांनी आला. माझे वडील न्हावी. मराठवाड्यातून हैदराबादेस येऊन त्यांनी काचीगुड्यात दुकान थाटले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आमचे घर इकडेच राहिले. पुढे मी या शाळेत शिकलो आणि त्वचा व केसांच्या विकारांचा डॉक्टर झालो. वडिलांच्या हाती वस्तरा होता, माझ्या हाती भिंग आले. समोरचे डोके तेच राहिले.

आपल्या समाजात मुंडणाला मोठा मान आहे. बाळाचे जावळ काढतात, मुंजीत मुलाचे केस उतरवतात, आईवडील गेल्यावर मुलगा क्षौर करतो. आपण तेलुगू मुलखात वाढलो, म्हणून तिरुमलाही आपल्याला परके नाही. बालाजीला केस अर्पण करण्यास येथे ‘तलनीलालु’ देणे म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दर वर्गात दोन-चार चकोट डोकी दिसत, आणि ‘गुंडू’ म्हणून चिडवले तरी त्या चिडवण्यात माया असे. लांब केसांनाही आपल्याकडे जागा आहे. शिखांचे केश हे त्यांच्या धर्माचे चिन्ह आहे. झाकिर हुसेन यांचे तबल्याबरोबर उडणारे केस आणि अब्दुल कलाम यांचे दुभागलेले रुपेरी केस सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत.

अडचण आहे ती या दोन टोकांच्या मध्ये. महेंद्रसिंग धोनीचे उदाहरण घ्या. २००६ साली लाहोरला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी त्याच्या लांब केसांचे जाहीर कौतुक केले. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषक जिंकल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मुंडण करून लोकांसमोर आला. ही दोन्ही रूपे लोकांच्या स्मरणात पक्की आहेत. मुंडणानंतर सहाव्या महिन्यात त्याचे केस कसे दिसत होते, हे मात्र कोणी सांगू शकणार नाही. मधल्या केसांना आपल्याकडे मान नाही आणि धड नावही नाही.

आता थोडे शरीरशास्त्र सांगतो. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे तीन काळ असतात : वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा, संक्रमणाचा दोन-तीन आठवड्यांचा आणि विश्रांतीचा साधारण तीन महिन्यांचा. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे आरोग्याचेच लक्षण होय. केस आखूड असताना हे गळणे दिसत नाही. लांब झाले की न्हाणीघराच्या जाळीवर गुंतवळ दिसू लागते आणि तरुण घाबरून दवाखान्यात येतात. गळणाऱ्या केसांची संख्या तीच असते, फक्त त्यांची लांबी वाढलेली असते.

वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक सेंटिमीटर आणि वर्षाला बारा-तेरा. कोणतेही तेल, लेप वा गोळी निरोगी माणसाचा हा वेग दुप्पट करीत नाही. वारंवार गोटा केल्याने केस दाट येतात, हाही समजच. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ विदुषींनी १९२८ साली दाढीच्या केसांवर प्रयोग करून, वस्तरा फिरवल्याने केसाची जाडी वा वेग बदलत नाही, असे दाखवले. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते; वस्तऱ्याने कापलेला केस बोथट टोकाने वर येतो, म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच.

वेग सर्वत्र जवळजवळ सारखा असला तरी प्रत्येक केसाला कापायचे अंतर सारखे नसते, आणि सारी गंमत येथेच आहे. मानेवरचा केस वर्षभरात खांद्याला टेकतो. टाळूवरच्या केसाला तेथवर पोचायला तीन वर्षे लागतात. म्हणून मुंडणानंतर तिसऱ्या महिन्यात डोके नारळाच्या शेंडीसारखे ताठ उभे राहते. सहाव्या महिन्यात कानांवरचे केस दोन्ही बाजूंना पंखांसारखे फुटतात. बाराव्या महिन्यात पुढचे केस डोळ्यांत जातात, पण कानामागे अडकत नाहीत. आणि मागे मात्र मानेवर शेपटी तयार होते. दीड वर्षाने पुढचे केस हनुवटीपर्यंत येतात. दोन वर्षांनी सगळे केस एका रबरात मावतात. तिसऱ्या वर्षी खऱ्या अर्थाने लांब केस दिसतात.

वडील याला ‘राखणीची हजामत’ म्हणत. गिऱ्हाईक केस वाढवतो आहे असे कळले की ते वरच्या केसाला हात लावीत नसत. दोन-अडीच महिन्यांनी मानेवरचे आणि कानांभोवतीचे केस तेवढे उतरवीत, म्हणजे वरचे केस खालच्यांना गाठू शकत. “गोटा करणे हे एका बैठकीचे काम आहे, राखण तीन वर्षांची असते,” असे ते म्हणत. अशा हजामतीचे ते निम्मेच पैसे घेत. आजही केस वाढवू इच्छिणाऱ्या तरुणाला मी हेच सांगतो : न्हाव्याकडे जाणे सोडू नका, परंतु काय राखायचे ते खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगा.

आणखी काही व्यावहारिक सूचना करतो. मुंडण करताना नवे पाते उघडून घ्यावे. एकाचे पाते दुसऱ्याला वापरल्यास काविळीच्या ‘बी’ प्रकारासारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. केस वाढू लागल्यावर टाळू स्वच्छ ठेवावी. खोबरेल तेलाने केस उगवत नाहीत, पण ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. आपल्या आज्यांची न्हाण्यापूर्वी तेल लावण्याची रीत शास्त्राला धरूनच होती. ओल्या केसांत बारीक दातांची फणी घालू नये. बुचडा ओढून ताणून बांधू नये. रोजच्या ताणाने कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात आणि गेलेले मूळ परत येत नाही. टायफॉईड, डेंग्यू अशा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, त्याने खचू नये. ते बहुधा परत येतात. मात्र कपाळ मागे सरकत असेल, टाळू विरळ होत असेल, तर तो आनुवंशिक टकलाचा आरंभ असू शकतो. केस वाढवल्याने ते टक्कल पडत नाही आणि थांबतही नाही. त्यावर उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू करावेत तितके गुणकारी ठरतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एवढ्या वर्षांत मी असे पाहिले की केस वाढवण्याचा संकल्प सोडणाऱ्यांपैकी फारच थोडे जण केसांमुळे सोडतात. बहुतेक जण सोडतात ते सहाव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान, आणि भोवतालच्या नजरांमुळे. मुंडण करताना माणसासोबत सगळे असतात : मांडवात मामा असतो, तिरुमलाला सारे कुटुंब असते, दहाव्या दिवशी भाऊबंद असतात. केस वाढताना मात्र तो एकटा असतो आणि भेटणारा प्रत्येक जण “अरे, कधी कापणार?” एवढेच विचारतो.

माझ्या दवाखान्यात आलेली तीन मुले सांगतो. पहिला नववीतला. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेऊन बरा झालेला. औषधांनी गेलेले केस उपचार संपल्यावर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उगवू लागतात, तसे त्याचेही उगवले. पूर्वी सरळ होते, आता कुरळे आले. असे पुष्कळदा होते. ते कापायला तो तयार नव्हता. “डॉक्टरकाका, हे माझे आहेत,” एवढेच तो म्हणाला. दुसरा एकवीस वर्षांचा. वडील गेले तेव्हा क्षौर केले, त्यानंतर त्याने कात्री लावू दिली नाही. वडील गेल्याला किती दिवस झाले हे केसांच्या लांबीवरून कळते, असे तो म्हणे. त्याच्या आईला ते अमंगळ वाटे. मी त्या माउलीला म्हणालो, “ताई, कोणी वही लिहितो, कोणी फोटोला रोज हार घालतो. ह्याची रीत ही आहे.” तिसरा अकरावीतला. बहिणीच्या उपचारांत तिचे केस गेले, तेव्हा तिला सोबत म्हणून यानेही गोटा केला. ती बरी झाली, तेव्हा याने ठरवले की आता वाढवायचे आणि कर्करोगाच्या रुग्णांच्या टोपासाठी द्यायचे.

या दानाचे गणित पालकांनी समजून घ्यावे. टोपासाठी केस घेणाऱ्या पुष्कळ संस्था किमान बारा इंच, म्हणजे तीस सेंटिमीटर लांबी मागतात. केस स्वच्छ आणि कोरडे हवेत, वेणी वा शेपटी बांधून मगच कापलेले हवेत; जमिनीवरून झाडून गोळा केलेले चालत नाहीत. एका टोपाला अनेकांचे केस लागतात. महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने गोटा केलेल्या मुलाला सुमारे तीन वर्षे थांबावे लागते. त्या तिसऱ्या मुलाचा चौदावा महिना चालू असताना घरात चुलतभावाचे लग्न निघाले. फोटोत बरे दिसणार नाही म्हणून काकांनी आणि आत्याने आग्रह धरला. त्याच्या आजीने तिढा सोडवला. त्या म्हणाल्या, “फेटा कशाला असतो मग?” मुलगा फेटा बांधून लग्नात वावरला. दोन वर्षांनी त्याने केस दिले, तेव्हा पहिला फोटो आजीला दाखवला.

आपल्या शाळेचा मुलांच्या केसांविषयीचा नियम जुना आहे आणि त्यामागचा हेतू मला मान्य आहे. स्वच्छता, उवांपासून बचाव, गरीब-श्रीमंत सर्वांचे एकसारखे दिसणे या गोष्टी शाळेला हव्यातच. शीख विद्यार्थ्यांना आपण नेहमीच मोकळीक दिली आणि केस नीट बांधलेले असतील तर लांबीने शिस्त बिघडत नाही, हे त्या मुलांनी दाखवून दिले आहे. तेव्हा या हीरक महोत्सवी वर्षात माझी व्यवस्थापनाला नम्र विनंती आहे. आजारातून उठलेल्या, शोक वा नवसाच्या कारणाने केस राखणाऱ्या आणि दानासाठी वाढवणाऱ्या मुलांना, पालकांच्या लेखी अर्जावरून, केस स्वच्छ व बांधलेले ठेवण्याच्या अटीवर परवानगी असावी. प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढून कोणाच्याही डोक्याला सर्वांसमक्ष कात्री लावली जाऊ नये. वस्तरा लोकांच्या मानेवर फिरवणाऱ्याचा मी मुलगा आहे. समोरच्याने आपणहून मान पुढे केली तरच तो फिरवावा, हा त्या धंद्याचा पहिला धर्म आहे.

पालकांनाही एक विनंती. आपला मुलगा बारा-तेराव्या वर्षी आवाज फुटताना, मिसरूड फुटताना अर्धवट दिसतो. ते अर्धवटपण आपण सोसतो, कारण पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असते. शाळा तरी दुसरे काय करते? पहिलीत आलेले पोर आणि दहावीतून गेलेला मुलगा यांच्या मधली सगळी वर्षे ती सांभाळते. केसांच्या बाबतीत तेवढाच धीर ठेवावा. “कधी कापणार?” असे विचारण्याऐवजी “कुठवर आले?” असे विचारावे. मुलगा अठराव्या महिन्यात स्वतःच कंटाळून कापून आला, तर त्यालाही हसू नये. तो त्याचा निर्णय आहे.

माझ्या परीने मी एवढेच करू शकतो की दरवर्षी जूनमध्ये एक दिवस शाळेत येऊन सर्व मुलामुलींची टाळू आणि केस विनामूल्य तपासीन, आणि ज्यांना केस राखायचे आहेत त्यांना राखणीची रीत शिकवीन. वडिलांची कात्री अजून माझ्याकडे आहे आणि तिला धार आहे. व्यवस्थापनाने तारीख कळवावी.