मैनेचा मुलूख

श्रोतेहो, 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊ साठे यांची छक्कड आपल्यापैकी कोणी ऐकली नाही? ते राहत होते येथेच, घाटकोपरच्या चिरागनगरात. वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईस आलेल्या या माणसाला गाव सुटणे म्हणजे काय, हे वेगळे शिकावे लागले नाही.

आम्ही मात्र बरीच वर्षे ते विरहाचे गाणे समजून माना डोलावीत होतो. पोटासाठी मुंबई गाठलेला नवरा, मागे राहिलेली बायको. गिरणगावातल्या खोलीखोलीतले दुःख ते! (आपल्यातील किती जणांच्या आज्यांनी गावीच दिवस काढले, ते ज्याचे त्याने आठवावे.) शेवटी शाहीर एकाएकी बेळगाव, कारवार, निपाणीची नावे घेतो, आणि ताटातूट झालेली मैना म्हणजे तोडलेला मुलूख, हे ध्यानात येते. घरची व्यथाच मागणी होऊन उभी राहते.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला; बेळगाव राहिले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. म्हणून या गाण्यास जुने म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. मैनेच्या रूपाचे, दागिन्यांचे वर्णन गाण्यात भरपूर आहे. तिला स्वतःला काय हवे, हे कोणी विचारीत नाही.