गिधाडांची शिरगणती



रावणाशी झुंजून जटायू पडला तो इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे, अशी आपली श्रद्धा आहे. पण त्या जटायूचे वंशज आज किती उरले, हे केवळ श्रद्धेने कळत नाही. त्यासाठी मोजावे लागते.

मॉरिशस बेटावरील एका ससाण्याचे १९७४ साली अवघे चार रानटी पक्षी ठाऊक होते. थोडे होते म्हणूनच प्रत्येकावर नजर राहिली, घरटी राखली गेली, पिले वाढवून सोडली गेली आणि ती जात तगली. गिधाडांचे उलट झाले. ती गावोगाव इतकी दिसत की, मोजायची कशाला, असेच सर्वांना वाटे!

सुदैवाने राजस्थानातील भरतपूरला ती मोजली जात होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश यांना तेथे १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरट्यांवर आढळल्या. १९९६-९७ साली १५० च उरल्या. पुढे १९९१ ते ९३ च्या पाहणीतील रस्त्यांवरूनच २००० साली व त्यानंतर पुन्हा मोजणी झाली. २००७ पर्यंत या जातीच्या दर हजारी एकच पक्षी शिल्लक राहिला होता!

असे का व्हावे? गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी ते बंद झाले. त्यानंतर घसरण मंदावली, हेही मोजणीनेच सांगितले. २०२३ साली किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवरही तशीच बंदी आली.

आता आपल्या अंजनेरीकडे पाहा. तेथील कड्यावर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडे घालते. तेव्हा गेलेला पक्षी भरून यायला वर्षे लागतात. म्हणून दरसाल त्याच हंगामात, त्याच जागेवरून, त्याच रीतीने घरटी मोजावीत आणि पिलू नसेल तर वहीत शून्यही लिहावे. एका वर्षाचा आकडा मुका असतो. वीस वर्षांचे आकडे बोलू लागतात.

हे काम वनखात्याचे आहे, तसेच दुर्बीण व चिकाटी असलेल्या नाशिककरांचेही आहे. आणि ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांनी डॉक्टरांना एवढेच विचारावे, “हे औषध गिधाडाला चालते ना?”