गाण्याची नोंदवही

‘संगीत क्षेत्रात जायचंय’ असं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, ‘गाता का?’ मी गात नाही, वाजवतही नाही. चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होतो. आज गीतकार-संगीतकारांचे करार आणि रॉयल्टीचे कागद सांभाळतो.

स्टोअर्समध्ये चलन असल्याशिवाय साधा नटही आत येत नाही. भोसरी-चिंचवडच्या छोट्या स्टुडिओंत मात्र रेकॉर्डिंग होतं, चहा होतो. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे कागदावर येतच नाही. एका दिवंगत गीतकाराच्या पत्नी वही घेऊन आल्या होत्या. तीस गाणी, पण करार एकाचाही नाही.

कायदा खरं तर त्यांच्या बाजूचा आहे. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटासाठी गाणं विकलं तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही. ती गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून आहे. पण सभासद व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात.

तरुण मित्रांनो, सुरुवात इथूनच करा. ओळखीच्या एखाद्या कलावंताच्या गाण्यांची यादी करा : गाण्याचं नाव, तारीख, शब्द, चाल, आवाज, कुणाचा किती वाटा. रेकॉर्डिंगच्या दिवशीच सह्या घ्या. गाणं गाजल्यावर सही मागायला गेलं, की मैत्री तुटते. नोंद ठेवायची शिस्त आपल्या कारखान्यांनी आपल्याला शिकवलीच आहे. ती गाण्यालाही हवी आहे.