चलानाचं पुढं काय झालं?

दुचाकी विकायला काढली की थकलेली चलानं हमखास वर येतात. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे ४ अंक टाकले की ती दिसतात. प्रकरण कोर्टात गेलं असेल, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याचा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक द्या. पुढची तारीख, निकाल सगळं कळतं. तो क्रमांक हाताशी नसेल तर पक्षकाराच्या नावानंही शोधता येतं, फक्त स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार करून बघा. आपली नावं तिथं कशीही पडलेली असतात! सही-शिक्क्याची प्रत हवी असेल, तर मात्र त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा, कोर्ट फी तिकीट लावून. अर्जावर खटला क्रमांक आणि वर्ष बिनचूक लिहा.