आकडा आधीच सांगण्याचा खेळ

माळेगावच्या जत्रेत कुणी मनातला आकडा ओळखला, की आपण थक्क होतो. गुरुजी, हा खेळ वर्गात करा. पण चकचकीत पेटी नको, मुलं पेटीवरच संशय घेतात. पाटी, पेन्सिल नि घडीचा कागद पुरे.

कागदावर आधीच ६१७४ लिहून मुलाकडे द्या. त्यानं चार अंकी संख्या घ्यावी. सगळे अंक सारखे नकोत. त्याच अंकांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच. शून्यही अंकच धरावा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच!

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी हे शोधलं. शेवटी युक्ती जरूर सांगा. ती कळलेलं पोर उद्या आकडेवाल्या बुवापुढे पैसा ठेवणार नाही.